शिट्टीमामांच्या दातांतली लांबी

माझ्या हातून पूर्ण बरा झालेला पायरियाचा पहिला पेशंट त्याच महिन्यात आपल्या कामावरून उतरवला गेला, आणि तो उतरला माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दर रविवारी ज्यांच्याबरोबर पत्ते कुटतो त्या डॉक्टर मित्रांना तर नाहीच नाही. डेंटिस्ट दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगतो. स्वतःचं उघडायला मला बारा-तेरा वर्षं लागली.

त्या बुधवारी तुळशीराम ओव्हाळ माझ्या खुर्चीत होते. त्यांच्या खालच्या पुढच्या दातांमागे आरसा धरून मी बघत होतो, आणि दात दिसतच नव्हते. काळ्या-पिवळ्या दगडाची सलग भिंत होती. दातावर साचून दगड झालेल्या थराला किटण म्हणतात. लाळेतल्या क्षारांचं ते बनतं, आणि लाळेच्या नळ्या खालच्या पुढच्या दातांमागेच उघडतात, त्यामुळे तिथे ते सगळ्यात जास्त. यांच्या बाबतीत वर वीस वर्षांच्या मिश्रीचा गिलावा होता.

"मामा, हे कधीपासून?"

"लगीन झाल्यापास्नं आसंल. त्याच्या आदी तोंडात बघतंय कोन?"

कंपनी चिंचवड स्टेशनच्या पलीकडची. मोठमोठ्या यंत्रांची ओतकामं, म्हणजे कास्टिंग, तिथे व्हायची. नाव सांगत नाही. तिच्या डिस्पेन्सरीत मी बुधवार-शनिवार दुपारी जायचो. वय सत्तावीस, डिग्रीची शाई ओली, अंगात अक्कल कमी आणि ऐट फार. खुर्ची कुठल्या तरी बंद पडलेल्या सलूनमधून आलेली. ड्रिल पायाने मारायचं. स्टरलायझरमध्ये सिस्टर सुया उकळायच्या आणि श्रावण नसला की अंडीही. माझ्या आधीचे डेंटिस्ट फक्त दात उपटायचे. कामगार त्यांना 'पक्कड' म्हणत. मी आलो तेव्हा मला 'धाकटी पक्कड' म्हणू लागले.

तुळशीराम खलाशी होते. जहाजावरचे नव्हे. कारखान्यात जड माल साखळ्या बांधून क्रेनने उचलवून घेणाऱ्याला खलाशी म्हणतात. त्यांच्यातही हे सिग्नलवाले. वर क्रेनच्या केबिनमध्ये कुट्टी नावाचा मल्याळी ऑपरेटर, खाली हे. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे वर घे. तीन म्हणजे खाली सोड. कागदावर नियम असा होता की सिग्नल हाताने द्यायचा आणि जोडीला कंपनीची पितळी शिट्टी वाजवायची. पण वितळलेल्या लोखंडाचा रस ओतल्यावर शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या शेडमध्ये, असा धूर व्हायचा की हात दिसायचे नाहीत, आणि पितळी शिट्टी वॉचमनपासून फोरमनपर्यंत प्रत्येकाच्या गळ्यात. कुणाची कुठली, कुट्टीला कळायचं नाही. मामांची मात्र तोंडाची. बोटं न घालता, खालचा ओठ दातांवर ताणून मारलेली. हातोडे, ग्राइंडर, भट्टीचा पंखा, सगळ्यांच्या वरून ती सरळ केबिनमध्ये जायची. अकरा वर्षं दोघांचं असं चाललं होतं. जेवायलाही एकत्र बसायचे. कुट्टीच्या बायकोची माशांची आमटी आणि मामांची भाकरी. अख्खी कंपनी तुळशीराम ओव्हाळांना शिट्टीमामा म्हणायची, आणि सिग्नलवाला म्हणून ज्यांचा मान होता असे ते एकटेच खलाशी.

तर शिट्टी मारली की थुंकीत रक्त येतं, आणि पुढचे दात हलायला लागलेत, ही त्यांची तक्रार. दात गेले तर शिट्टी जाईल ही धास्ती. म्हणून आले होते.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीकशी फट असते. किटण त्या फटीत उतरलं की हिरडी दात सोडायला लागते. फटीचा खिसा होतो. आम्ही त्याला पॉकेटच म्हणतो. खिशात पू, खाली हाड झिजत जातं, शेवटी चांगला धडधाकट दात हातात येतो. लोक याला पायरिया म्हणतात आणि नशिबावर ढकलतात. वरवरचं किटण काढून काही होत नाही. हिरडी बधिर करून, बारीक वाकड्या हत्यारांनी खिशात खाली जायचं, मुळाला चिकटलेलं सगळं खरवडायचं आणि मूळ गुळगुळीत करायचं, म्हणजे हिरडी परत दाताला धरते. याला आम्ही डीप स्केलिंग म्हणायचो. तोंडाचे चार भाग करून चार बैठका. कॉलेजात मला हे एका सरांनी मन लावून शिकवलं होतं. बाकीचे सर म्हणायचे, एवढी मजुरी कोण करतो, उपटा.

मी हे सगळं मामांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी दातांचं फेटलिंग."

साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते, कडेला जादा धातूचे पापुद्रे असतात. ते छिन्नीने, ग्राइंडरने काढायचे, याला फेटलिंग म्हणतात. मला इतकी चांगली व्याख्या परत कुणी दिली नाही.

"तेच. खालच्या दातांमागचं सगळं काढायला लागेल."

हे वाक्य मी जरा नीट बोलायला हवं होतं. शनिवारी कासारवाडीहून त्यांच्या मिसेस गेटवर हजर. वॉचमनने डिस्पेन्सरीत आणून सोडल्या. डाक्टर खालचं समदं काढनार म्हंत्यात, मग मानसानं भाकर कशानं खायाची, आणि आमच्या वस्तीत दात घासून कुनाचे दात ऱ्हायलेत ते सांगा, असा त्यांचा जाब होता. दात साफ केले की खिळखिळे होतात हा समज तेव्हा पक्का होता, आता तरी कुठे गेलाय. मी आरसा, तक्ते, दोन कवळ्यांचे नमुने मांडून अर्धा तास व्याख्यान दिलं. बाई जाताना म्हणाल्या, "बरं, काढा. पर बेतानं."

खरी अडचण पर्सोनेल मॅनेजर देवधर साहेबांची होती. दात उपटला तर एक दिवसाची रजा, त्याला फॉर्ममध्ये रकाना होता. स्केलिंगला रकाना नव्हता. मी वीस कामगारांवर हा उपचार करून दाखवायची परवानगी मागायला गेलो.

"साफसफाई ना?" ते म्हणाले. "ती सॅनिटेशनकडे येते."

मला वाटलं चेष्टा करतायत. करत नव्हते. माझ्या वाकड्या हत्यारांची मागणी खरोखर सॅनिटेशनच्या खात्यातून, झाडू आणि फिनेलच्या खाली टाइप होऊन मंजूर झाली. पण एक अट होती. पहिला पेशंट मी पूर्ण बरा करून दाखवायचा. उपचार संपले की येणाऱ्या सोमवारी देवधर साहेब स्वतः येऊन बघणार. दाखवता आलं नाही तर पुन्हा आपली पक्कड.

माझा पहिला पेशंट शिट्टीमामा.

पहिल्या बैठकीच्या आधी, सुई टोचायच्या ऐन वेळी त्यांनी माझं मनगट धरलं. "शिट्टीला काय व्हनार न्हाई ना, साहेब?"

"उलट सुधारेल," मी म्हणालो. विचार न करता. सत्तावीस वर्षांचा माणूस विचार करून बोलत नाही, ठसक्यात बोलतो.

काम मात्र मी चांगलं केलं, हे सांगायला मला अजून आवडतं. किटणाचे असे तुकडे निघाले की ट्रेमध्ये पडताना टण आवाज यायचा. मामा ते कागदात बांधून शॉपमध्ये घेऊन गेले. तिथे ते इन्स्पेक्शनच्या सँपलसारखे हातोहात फिरले. कुणीतरी फाइल, म्हणजे कानस, मारून बघितली म्हणे. तिसऱ्या बैठकीपर्यंत रक्त थांबलं. चौथी झाली आणि हिरड्या अशा गुलाबी दिसायला लागल्या की मी सिस्टरला बोलावून दाखवल्या. सिस्टर म्हणाल्या, छान आहेत, पण माझी अंडी फुटतायत.

चौथ्या बैठकीनंतरच्या शनिवारी मामा परत आले. अपॉइंटमेंट नव्हती.

"हवा फुटतीय," म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी खालचा ओठ ताणला आणि एक शिट्टी मारली. सुरुवातीला नेहमीची धार, मग मध्येच फुस्स, आणि पुन्हा धार. एक शिट्टी दोन होऊन बाहेर पडली. सिस्टर हसल्या. मीही हसलो. मामा हसले नाहीत.

आरसा लावला. सुजलेल्या हिरड्या आता उतरून खाली गेल्या होत्या. त्या जाव्यातच, त्यासाठीच तर उपचार. दातांमधलं किटणही गेलं होतं. त्यामुळे खालच्या पुढच्या दातांत मुळाशी काळ्या त्रिकोणी फटी उघड्या पडल्या होत्या. वीस वर्षं त्या फटी किटणाने बुजलेल्या होत्या आणि शिट्टी त्या बुजलेल्या भिंतीवरून वाजत होती.

"तुमी लांबी काढली, साहेब," मामा म्हणाले.

कास्टिंगला पोकळ भोक राहिलं की काही बहाद्दर त्यात लांबी भरतात, म्हणजे रंगाच्या आधी लाकडाला भरतात तो मसाला. वरून रंग मारतात आणि माल पास करून घेतात. मामांच्या दृष्टीने मी इन्स्पेक्टरसारखा येऊन लांबी टोकरली होती. निदान शंभर टक्के बरोबर होतं.

मग त्यांनी मागायचं ते मागितलं. फार नाही. एक चिठ्ठी. पंधरा दिवस सिग्नलला दुसरा माणूस द्या, अशी. तोवर ते फटी असताना शिट्टी कशी मारायची ते बसवणार होते. चिठ्ठीशिवाय फोरमन ऐकणार नाही, शिट्टी लागत न्हाई असं मी कुटल्या तोंडानं सांगू, असं म्हणाले.

माझ्या डोक्यात सोमवार होता. देवधर साहेब येणार, आणि कागदावर काय दिसणार? पूर्ण बरा झालेला पेशंट कामाला नालायक, पंधरा दिवस. वीस कामगारांची माझी यादी तिथेच सॅनिटेशनच्या बादलीत.

मी म्हणालो, सूज आहे, आठ दिवसांत उतरेल आणि फटी भरून येतील. मला पक्कं माहीत होतं की सूज उतरली की फटी वाढतात. हे पुस्तकात असतं, आणि पुस्तक मी वाचलं होतं. केसपेपरवर लिहिलं: 'तक्रार नाही. कामास योग्य.'

मामांनी कागद घेतला. डाक्टरनं लिहिलंय म्हटल्यावर बरोबरच असणार, असा त्यांचा चेहरा होता. तो चेहरा मला विसरता आलेला नाही.

सोमवारी माझा वार नसताना मी मुद्दाम गेलो. साहेब आले. मामांना तोंड उघडायला लावलं, लांबूनच डोकावले, "व्हेरी क्लीन" म्हणाले आणि वीसांची यादी मंजूर करून गेले.

मंगळवारी दुपारी क्रेनवर मोठ्या लेथचा बेड होता. बेड म्हणजे यंत्राचा लांबलचक पाया, तीन-चार टनांचा. धूर होता. बेड उतरवताना एक साखळी कोपऱ्यात अडकलेली मामांना दिसली आणि त्यांनी थांबण्यासाठी एक शिट्टी मारली. वर कुट्टीला दोन ऐकू आल्या. दोन म्हणजे वर घे. त्याने घेतलं. साखळी निसटली, बेड तिरका झाला आणि खाली आला. माणसं बाजूला होती, कुणाला खरचटलंही नाही. बेडचे दोन तुकडे झाले, आणि त्याच्याखाली फोरमनची सायकल होती. सायकलचा पुढे कित्येक दिवस शॉपमध्ये पापड म्हणून उल्लेख व्हायचा.

गुरुवारी देवधर साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी. मामा, कुट्टी, फोरमन. मलाही बोलावलं होतं, कारण मामांनी जबाबात माझं नाव घेतलं होतं.

कुट्टी आधी बोलला. "मामा दोन मारला. मी दोन ऐकला. आईशपथ."

मामा म्हणाले, "म्या एकच मारली."

दोघंही खरं बोलत होते. त्या केबिनमध्ये हे एकट्या मला माहीत होतं.

कुट्टीने मामांकडे बघितलं. रागाने नव्हे, कानावर विश्वास बसत नाही असं. मामा परत म्हणाले, एकच मारली, पण ती फुटली असेल, दातांमुळं फुटते, आणि हे मी डाक्टरला शनिवारी सांगितलं होतं.

देवधर साहेब माझ्याकडे वळले. "काय डॉक्टर? सांगितलं होतं?"

केसपेपर त्यांच्या पुढ्यात होता. माझ्याच अक्षरात.

"थोडं दुखतंय म्हणाले होते," मी म्हणालो. "शिट्टीचं काही बोलल्याचं आठवत नाही."

"या ट्रीटमेंटने दात वगैरे गेला?"

"नाही सर. सगळे जागेवर आहेत."

हे उत्तर अक्षरशः खरं होतं. खोटं बोलताना मध्ये एखादं खरं पेरलं की आवाज कापत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे. मला वाटलं आता ते ओरडतील, सिस्टरला बोलवा म्हणतील. शनिवारी डिस्पेन्सरीत सिस्टर होत्या, त्यांनी ती शिट्टी ऐकली होती, हसल्याही होत्या. पण शॉपमधला माणूस डिग्रीवाल्याला साहेबांसमोर खोटं ठरवत नाही, निदान तेव्हा ठरवत नव्हता. त्यात ओव्हाळ आडनावाच्या माणसाने ठरवलं तर लोक आणखी काय काय बोलतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

"नसंल सांगितलं, साहेब," ते म्हणाले. "माजंच इसरायला झालं आसंल."

कुट्टीने मान फिरवली. त्याच्या हिशेबाने मामांनी आधी आपली चूक त्याच्यावर ढकलली, ती चिकटेना म्हणून डॉक्टरवर ढकलली, आणि तीही चिकटेना तेव्हा कबूल केली.

मामांना सिग्नलवरून काढून सँड प्लांटला टाकलं. तिथे साच्याची वाळू चाळायची, ओढायची. ओरडायची, शिट्टी मारायची, काही काही करायची गरज नाही. क्रेनला विजेची घंटा बसली. कुट्टी जेवायला दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. मामा काही दिवस आपल्या जागेवर भाकरी घेऊन बसत, मग तेही सँड प्लांटमध्येच खायला लागले. शिट्टीमामा हे नाव राहिलं, पण आता ते हसण्यावारी.

आणि माझे वीस पेशंट? झकास बरे झाले. यादी पुढे साठावर गेली. कंपनीने मला नवी खुर्ची घेऊन दिली. संत तुकाराम नगरात मी स्वतःचा दवाखाना टाकला तो याच नावावर: हिरड्यांचे डॉक्टर. एवढ्या हिरड्या वाचवल्या, त्यात एका माणसाची शिट्टी गेली, असा हिशेब मी मनाशी मांडत आलो. शिट्टी उपचाराने गेली, त्याला इलाज नव्हता, हेही खरं. पण नोकरीतली जागा आणि कुट्टी, हे दोन्ही उपचाराने गेले नाहीत. ते माझ्या एका वाक्याने गेले.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की मामा माझ्याकडे येत राहिले. दर सहा महिन्यांनी. मीच सांगितलं होतं, दर सहा महिन्यांनी यायचं, आणि डाक्टरनं सांगितलंय म्हणून ते येत. मिश्री सुटली होती. माझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये इतका आज्ञाधारक पेशंट दुसरा नाही. खालचे सगळे दात शाबूत. एकदा, त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे आणि माझं हत्यार असताना, मी म्हणायला सुरुवात केली, "मामा, त्या चौकशीच्या वेळी..." त्यांनी हात वर केला. मला वाटलं दुखलं. थांबलो. त्यांनी दुखत नाही अशी मान हलवली, चूळ भरली आणि वाकडच्या पाहुण्यांकडे यंदा भात बरा झालाय असं सांगून उठले. तोंड भरलेल्या माणसाशी कबुलीजबाब करू पाहणं हेही आमच्या धंद्यातलं एक कसब आहे. त्यात उत्तर येण्याचा धोका नसतो.

गेल्या वर्षी ते रिटायर झाले. कुट्टी अजून क्रेनवर आहे.

या धंद्यात येणाऱ्या पोरापोरींना मी दोन गोष्टी सांगतो. तोंडातली घाण काढण्याआधी, ती घाण तिथे काय काम करत होती ते पेशंटला विचारा. आणि पेशंट जे सांगेल ते केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहा, तुमच्या नाही. ते मान डोलावतात. हे मला कसं कळलं ते कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

तुळशीराम ओव्हाळांचं माझ्याकडे एक वाक्य येणं आहे. खुर्चीत नव्हे, कासारवाडीला त्यांच्या घरी, त्यांचं तोंड मोकळं असताना, आणि कुट्टीला शेजारी बसवून: शनिवारी यांनी मला सांगितलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.